नमुन्याची वडी

एकतीस वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात काढल्यावर, छप्पन्नाव्या वर्षी आचाऱ्याला जी नोकरी मिळाली तिच्यात स्वयंपाक सोडून सगळं होतं. विजेच्या वस्तूंच्या दुकानात, मिक्सर आणि इस्त्र्यांच्या मधल्या टेबलामागे उभं राहायचं आणि एअर फ्रायर कसा चालतो ते गिऱ्हाइकांना दाखवायचं. त्यात भाजायचे हॅश ब्राउन. म्हणजे कुठल्याशा कारखान्यात बटाटा किसून, दाबून, अर्धवट तळून गोठवलेली चपटी वडी. बटाट्याचं इतकं वाईट आपण कधी चिंतलं नव्हतं, असं आचारी म्हणे. सोललेल्या बटाट्यांचा हिशेब टनांत जाणारा हा माणूस, तेव्हा त्याचं ऐकायला हवं.

या वडीला बारा मिनिटं लागतात. सहाव्या मिनिटाला उलटायची, एकीवर एक रचायची नाही, की झालं. पण बारा मिनिटं थांबणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. म्हणून मॅनेजरने, म्हणजे आचाऱ्याच्या मुलीहून चार वर्षांनी लहान असलेल्या साहेबाने, युक्ती काढली होती. गोठलेल्या वड्या सर्वांदेखत एका यंत्रात टाकायच्या आणि शेजारच्या यंत्रातून ‘आधीच लावून ठेवलेली’ काढून दाखवायची. ही नमुन्याची वडी. दर वेळी तिला ब्रशने तेल फासायचं, तीन मिनिटं तापवायचं, काट्याने टकटक करून आवाज ऐकवायचा. सोमवारी नवी वडी घ्यायची. शुक्रवारपर्यंत तिच्यावर तेलाचे इतके थर चढत, की ती एखाद्या जुन्या कपाटाचा तुटका कोपरा वाटे. बास्केटच्या तळाशी तपकिरी, चिकट राळ साचलेली असे. धुतलं तर साबणाचा वास येतो, म्हणून तीही तशीच ठेवायची.

आठ महिन्यांत आचाऱ्याने यातलं काहीही तोंडात घातलं नव्हतं. तरी तो वास घरी यायचाच. “अहो, शर्ट दाराबाहेरच काढा,” बायको म्हणे, “उशीलासुद्धा तेलकट वास येतोय.”

पण नोकरी तात्पुरती होती, आणि दोन हॉटेलांनी वय विचारून चहासुद्धा न पाजता त्याला परत पाठवलं होतं. शुक्रवारी मुख्य ऑफिसातले मोठे साहेब काम बघून कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. साहेब आले, हाताची घडी घालून इस्त्र्यांपाशी उभे राहिले. समोर एक आजी आणि त्यांची सून. आचाऱ्याने ताज्या वड्या लावल्या, नमुना काढला, टकटक केली.

आजींनी सरळ हात पुढे केला.

“आजी, थांबा, गरम आहे,” आचारी घाईने म्हणाला. पाच दिवसांची ती वस्तू म्हातारीच्या पोटात जाऊ देणं काही त्याला जमेना. त्याने ताज्या वड्यांना नऊच मिनिटं उरल्याचं सांगितलं.

“नऊ मिनिटं कशाला? ही झालीय ना?” आजींनी त्याला नीट न्याहाळलं. “मला गरम लागते तर तू खा बाबा. बघू दे.”

मॅनेजर छताकडे बघू लागला. खरं सांगावं तर कायम होणं गेलं. आचाऱ्याने वडीचा तुकडा मोडला. तो मोडताना जो आवाज झाला तो अन्नाचा नव्हता. आत किसाचे राखाडी धागे होते. जिभेवर आधी खवट तेल आलं, मग मीठ, मग ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी, जे दातांना चिकटून गिळायला तयार होईना. त्याने ते गिळलं. मग उरलेलीही खाल्ली, कारण उरली असती तर आजींनी उचलली असती.

“कशी आहे?”

“कुरकुरीत,” आचारी म्हणाला. तेवढं खरं होतं.

“चल गं,” आजी सुनेला म्हणाल्या. “एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा झालाय बिचाऱ्याचा.”

त्या गेल्या. पण तो खाताना चार माणसं थबकली होती आणि साहेबांनी ती बरोबर मोजली. विकणारा स्वतः खातो, यात केवढा विश्वास आहे, असं ते म्हणाले. त्यांनी कायम केल्याच्या पत्रावर सही केली आणि सहीखाली स्वतःच्या हाताने एक अट लिहिली. इथून पुढे प्रत्येक वेळी एक वडी स्वतः खाऊन दाखवायची.

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने आल्याआल्या दोन्ही बास्केट गरम पाण्यात बुडवून घासल्या आणि नवी नमुन्याची वडी करायची नाही असं मॅनेजरला सांगितलं.

“काका, मग गिऱ्हाइकाला दाखवायचं काय?”

“जे मी खाणार तेच. बारा मिनिटांनी.”

मॅनेजरने अट पुन्हा वाचली. साहेबांची सही होती, बोलायला जागा नव्हती. पहिलं गिऱ्हाईक पाचव्या मिनिटाला निघून गेलं. सहाव्याला आचाऱ्याने वड्या उलटल्या. बाराव्याला टेबलासमोर कुणीच नव्हतं, तरी त्याने नियमाप्रमाणे एक खाल्ली. ताजीही वाईटच होती.