खंडेनवमीला कापलेली वायर

आज परभणीत माझं पोट भरतंय ते ताईंमुळे, हे आधी लिहितो, बाकीचं मागून. ताई म्हणजे आमच्या वेळ मोजायच्या केंद्रातल्या ऑपरेटर. बी.एस्सी. झालेल्या, रोज ताडकळसहून बसनं यायच्या. मी आठवीतच शाळा सोडलेला, कोकणातून इथं झाडलोटीला आणि राखणीला आलेला.

आमच्याकडे एका बंद, गार खोलीत फार अचूक घड्याळ आहे. तसंच दुसरं लांब, मुख्य कार्यालयात. दोन्हीकडचे रिसीव्हर एकाच वेळी एकाच उपग्रहाचा सिग्नल घेतात आणि आपलं घड्याळ त्याच्या किती पुढे-मागे आहे ते टिपतात. एका आकड्यातून दुसरा वजा केला की उपग्रह मधून निघून जातो. उरतो तो दोन घड्याळांतला फरक. गच्चीवरच्या अँटेनापासून खाली यायला सिग्नलला वायरीत जो वेळ लागतो, तोही हिशोबात धरतात. हे सगळं मला ताईंनी चहा पिता पिता सांगितलेलं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती आणि फोटो वर पाठवायचा होता. गच्चीवरचं अँटेनाच्या वायरीचं वेटोळं केंद्राच्या साहेबांच्या डोळ्यांत खुपलं. ताई नेमक्या रजेवर. साहेबांनी बाजारातून इलेक्ट्रिशियन बोलावून जास्तीची वायर कापून घेतली, नवा जोड बसवला, अँटेनाला झेंडूची माळ घातली. कापलेला तुकडा मला दिला. मी तो खोलीमागे कपडे वाळत घालायला बांधला.

दसऱ्यानंतर मुख्य कार्यालयाचा फोन आला, परभणीच्या घड्याळानं उडी मारलीय म्हणून. साहेबांनी सांगून टाकलं, झाडताना यानंच हात लावला असणार. भरती-ओहोटी बघून उठणारी माणसं ही, यांना घड्याळाचं काय! सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग मला सामान बांधायला सांगितलं. गावी तोंड काय दाखवायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रजेवरून परतलेल्या ताई मागच्या दाराशी येऊन थांबल्या. "हे कपडे कशावर वाळायलेत?"

मी सांगितलं. त्यांनी माझे शर्ट स्वतः काढून बाजूला ठेवले, वायर मापली, आत जाऊन हिशोब केला. तेवढ्या तुकड्यातून जायला सिग्नलला जितका वेळ लागतो, घड्याळाची उडी नेमकी तेवढीच होती. साहेबांच्या समोरच त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"घड्याळ जागच्या जागी हाय. वायर कमी झाली अन् आपण हिशोब जुनाच धरायलोत. ह्या माणसाला कशापायी काढायलेत?"

हिशोब दुरुस्त झाला, मी राहिलो. 'आमचं चुकलं' असं मला कुणी म्हणालं नाही. साहेब आहेत तिथंच आहेत. पूजेचा फोटो त्यांच्या टेबलामागं लावलाय. ताईंना मात्र त्याच महिन्यात गंगाखेडच्या गोदामात पाठवलं, खोकी मोजायला. आता आकड्यांत जरा फरक पडल्याचं कानावर आलं की मी आधी गच्चीवर जाऊन वायर बघतो, आणि विचारायला कुणी नाही.

ताई, तुमच्याकडे कुणी असं बोट दाखवलं, तर मी येईन आणि तुमच्या बाजूनं तिथल्या साहेबासमोर बोलेन. त्या दिवशी मी हसणार नाही.