पट्टीवाल्यांचा डावा पाय

त्यांना सगळे पट्टीवालेच म्हणायचे, मोठ्या डॉक्टरांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत. आता ते विकायचे ती काही साधी पट्टी नव्हती. फोमची, चांदीचा अंश असलेली, जखमेतलं पाणी शोषून चार-चार दिवस टिकणारी, आणि काढताना अजिबात न दुखणारी. पण लोकांनी तिला पट्टी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? वीस वर्षं पायाला भिंगरी लावून हा माणूस दवाखान्यांचे जिने चढला. आधी डॉक्टर दारातूनच कटवायचे, आता फोन करून बोलवायचे. साखरेचे पेशंट वाढले, त्यांच्या पायांच्या जखमा वाढल्या, तसा धंदा वाढला. यंदा तर कंपनीत सगळ्यात जास्त वाढ यांच्याच विभागाची. साहेबांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली, टाळ्या झाल्या. यांचं तोंड कोरं ते कोरंच. टाळ्या थांबल्यावर शेजारच्याला म्हणाले, "जेवण कुठल्या मजल्यावर आहे?"

असं दोन वर्षं चाललं होतं, थोरला भाऊ गेल्यापासून. त्याला पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. दुखत नाही म्हणायचा, म्हणून कुणी मोजा काढून बघितला नाही, आणि वास आला तेव्हा उशीर झाला होता. आधी बोटं कापली, मग घोट्यापासून, मग गुडघ्यापासून, आणि मग तोच गेला. जगाच्या जखमा बांधणारा धाकटा भाऊ त्या वेळी कुठे होता? महिनाभर दौऱ्यावर, नवा विभाग उभा करत! परत आला तो थेट शेवटच्या निरोपाला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेव्हापासून वाढलं तर जेवायचे, विचारलं तर बोलायचे.

साखर यांनाही होतीच. बायको रोज संध्याकाळी मागे लागायची, "अहो, पाय दाखवा बरं."

"दिवसभर लोकांचे पायच बघतो गं. घरी तरी सोड."

मोज्यांसकट सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे. तिला एकच धास्ती होती, दिरांचं झालं ते यांचं व्हायला नको. यांना कशाचीच धास्ती नव्हती. धास्ती वाटायला आत काहीतरी हलावं लागतं ना!

सिस्टरांना पाय तपासायला शिकवायची त्यांची एक पद्धत होती. नायलॉनचा ताठ दोरा काडीला बसवलेला असतो. पेशंटने डोळे मिटायचे, सिस्टरने तळपायाला दहा जागी तो टेकवायचा, आणि जाणवलं की पेशंटने 'हो' म्हणायचं. जिथे 'हो' येत नाही तिथे जखम होईल आणि कळणारही नाही. हे पट्टीवाले स्वतःच्या पायावर करून दाखवायचे. आपणच डोळे मिटायचे, आपणच दोरा टेकवायचा, आपणच म्हणायचं, 'हो, हो, हो.' अहो, दोरा आपल्याच हातात असल्यावर 'हो' चुकेल कसं? शेकडो सिस्टरांना शिकवलं, पण एवढी साधी गोष्ट या शहाण्या माणसाच्या डोक्यात शिरली नाही.

त्या दिवशी एका दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत ते शिकवायला गेले. आधी बॅग उलटीसुलटी केली. जखमेची कड आखायच्या पेनचं टोपण परवापासून सापडत नव्हतं. नाहीच सापडलं. मग स्टुलावर बसले, डावा बूट काढला, काळा मोजा काढला, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि सवयीने डोळे मिटून बोलायला लागले. तिथली सिस्टर जुनी आणि तोंडाने फटकळ. तिने त्यांच्या हातातला दोरा काढून घेतला.

"द्या इकडे. तुम्हीच करत बसलात तर मी कधी शिकणार?"

पट्टीवाले डोळे मिटून थांबले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं.

"करा ना सुरू, सिस्टर."

ती खाली वाकल्याची चाहूल लागली.

"सिस्टर? अहो, करा की!"

"नऊ जागा झाल्या माझ्या," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "दहाव्या जागेला टेकवला नाही. तिथे कातडीच नाहीये."

त्यांनी डोळे उघडले. सिस्टरने बूट उचलून उलटा आपटला, तर फरशीवर टोपण पडलं, वाळलेल्या रक्ताने माखलेलं. परवापासून ते त्याच्यावरून चालत होते.

"हाड दिसतंय का?" त्यांनी विचारलं. दुसऱ्याच कुणाच्या पायाबद्दल विचारावं तसं.

"अजून तरी नाही. डॉक्टरांना बोलावते. हलू नका."

जाण्याआधी तिने त्यांच्याच कंपनीच्या कागदी मोजपट्टीने जखम मोजली, दोन सेंटिमीटर बाय दीड, आणि नवीन पेशंटच्या रजिस्टरात लिहिली. पट्टीवाल्यांनी खिशातून फोन काढला. बायकोने पहिल्याच रिंगला उचलला.

"अहो, आत्ता कसा फोन?"

"पायाला लागलंय जरा. डाव्या."

"दुखतंय का?"

वीस वर्षं डॉक्टरांना पट्टी काढून दाखवताना जे म्हणत आले, तेच त्याच सुरात तोंडातून निघालं. "छे गं. अजिबात दुखत नाही."

पलीकडे ती रडायला लागली. हमसून हमसून, शब्द फुटेना. ते ऐकत राहिले. मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ऐक ना," ते म्हणाले, "तू ये इकडे. लवकर ये. मला भीती वाटतेय."