पप्पा गेले, पण कोणाचे?

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढे एक माणूस खरंच गेलाय.

झालं असं, मी नवा मोबाईल घेतला. दुकानदार म्हणाला, "टेन्शन मत लो, सब आ जाएगा." आलं ना! गुड मॉर्निंगची सगळी फुलं आली, मेव्हण्याच्या हळदीतले अंधारातले व्हिडिओ आले. नंबरांची नावं तेवढी आली नाहीत. जुन्या गप्पाही नाहीत. आणि जुना फोन? तो मी स्वतःच्या हाताने पुसून एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळा!

दुसऱ्याच सकाळी एका नुसत्या नंबरवरून मेसेज. "पप्पा गेले. अकराला नेणार. ये."

अरे, कोणाचे पप्पा? फोटोच्या जागी सूर्यफूल. नाव नुसतं 'एस'.

"अहो, फोन करून विचारा ना," बायको म्हणाली.

"काय विचारू? वाईट झालं, पण तू कोण?"

तुम्ही विचारलं असतं? मी आपलं लिहिलं, "निघालोच." मग डोकं चालवलं. एस म्हणजे सचिन! आमच्या ऑफिसातला. त्याचे पप्पा बरेच दिवस आजारी आणि तो रजेवर. मला इतकं पटलं, की आयकार्डामागचा ऑफिसचा नंबर लावून साहेबांनाही कळवून टाकलं.

शांती नगरहून रिक्षा केली, वाटेत मोठा हार घेतला आणि नवघरला सचिनच्या दारात उभा राहिलो. डोळे आधीच भरलेले.

दार सचिनच्या पप्पांनी उघडलं.

"या या," ते म्हणाले. मग हाराकडे बघून, "कोण गेलं हो?"

काय सांगू? तुम्हीच, म्हणून सांगू?

आतून सचिन आला. "काय रे, रडतोयस काय?" मी तोंड उघडणार, तोच जिन्यात साहेब. मागे अख्खं अकाउंट्स, सगळे पांढऱ्या कपड्यांत. साहेबांनी सचिनला मिठीच मारली. "सचिन, धीर धर. फार सज्जन माणूस होता."

"होता?" पप्पा म्हणाले.

साहेबांनी वळून बघितलं आणि कठडा धरला.

मी जागच्या जागी मेलो. पप्पा मात्र शांत. बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, चहा टाक. माझ्यासाठी आलेत सगळे."

मी मेसेज दाखवला. सचिनने माझा फोन हिसकावला, तो नंबर स्वतःच्या फोनात घातला. नाव आलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अरे, संदेश आहे हा."

संदेश! आम्हा दोघांचा दोस्त, शांती नगरातच, माझ्या मागच्या गल्लीत राहणारा! चिपळूणहून मी नवा आलो तेव्हा राहायला जागा नव्हती. संदेशच्या पप्पांनी मला त्यांच्या हॉलमध्ये झोपायला दिलं होतं. जेवल्याशिवाय कधी बाहेर सोडलं नाही. धडधाकट माणूस हो! त्यांचं नाव माझ्या मनातही आलं नाही.

उलटा धावलो. घरात बायकाच उरल्या होत्या.

"आत्ताच नेलं रे," काकू म्हणाल्या. "निघालोच म्हणालास ना? संदेश थांबला होता. पुढचा खांदा तुझा, म्हणाला. शेवटी भटजी ओरडायला लागले."

स्मशानात पोचलो तेव्हा अग्नी दिला होता. लांबून हात जोडले. दुसरं काय करणार?

संदेश जवळ आला. "कुठे होतास?"

खोटं बोलवेना. सगळं सांगितलं, साहेबांच्या मिठीसकट. तो ऐकत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता! हसता हसता रडायला लागला आणि माझा शर्ट धरून म्हणाला, "पप्पांना हे सांगायला पाहिजे होतं यार."

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. आता लाज नाही धरायची. कोणाचाही फोन येवो, आधी ओळख.

आठवड्याने असाच एक नुसता नंबर वाजला. मी उचलल्या उचलल्या दरडावलं, "आधी नाव सांगा, मग आडनाव सांगा, मग बोला!"

 मग गावाकडून आवाज आला.

"नाव सुलोचना. आडनाव तुझंच आहे, बाळा."