ब्रिन्युल्फची आरोळी

गुडवोरला मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. समुद्रकाठच्या गावातून लग्न होऊन ती आमच्या व्होसच्या खोऱ्यात आली, माझ्या शेजारच्या घरात. मुलं झाली, शहरात गेली, गाई विकल्या. ही आपली जन्मभर कुजबुजत राहिली. घरातला सगळा आवाज तिच्या नवऱ्याचा, ब्रिन्युल्फचा. नाताळची बिअर तोच करायचा. गुडवोरनं चुलीत लाकडं सारायची, सातूचा रस ढवळायचा. आणि खमीर टाकताना आरोळी द्यायची त्यानं. ती पलीकडच्या डोंगरापर्यंत जायची, मागोमाग त्याचा खोकला.

आरोळी आमच्याकडे सगळेच देतात. नाताळच्या सुमारास मेलेली माणसं घोड्यांवरून खोऱ्यातून जातात. त्यांना ताज्या बिअरचा वास लागतो, आणि दणकून ओरडून हाकललं नाही तर ती पिंपातला जीव पिऊन टाकतात. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकले. तरी ओरडते. उगाच वाद कशाला?

ब्रिन्युल्फ वसंतात गेला. डिसेंबरात गुडवोरनं माळ्यावरून त्यांच्या घराण्याचं खमीर काढलं, लाकडी कड्यावर वाळवलेलं. पणजोबांपासून चालत आलेलं, आणि ब्रिन्युल्फनं कधी कुणाला न दिलेलं. म्हणजे हे मेलं की संपलं. जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या उकळलेल्या पाण्यात तिनं मोड आणून वाळवलेला सातू भिजवला, रस गाळला, डांबरासारखा काळा होईतो उकळला. कोमट झाल्यावर कडं आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर पिंपावर ना फेस, ना बुडबुडा.

"ओरडलीस का?"

"नाही."

"माझं खमीर आणते थांब."

"तुझं घातलं की बिअर तुझी झाली. त्याचं काय राहिलं मग?"

"मग ओरड ना बाई! तोंड दिलंय ना देवानं?"

ती दाराकडे बघत राहिली. "सिग्नी, आता तोही त्यांच्यातच असेल ना? घोड्यावर. मुद्दाम गप्प बसले मी. म्हटलं, येऊ दे, पिऊ दे. हाकलू कशी गं त्याला?"

मी चिडले. "पी म्हणालीस, पण पितोय काय तो? स्वतःच्या पणजोबाचं खमीर! शुद्धीत असता तर त्यानंच तुला झापलं असतं."

ती उठली. दार उघडलं. पहिला आवाज बिजागरी कुरकुरावी तसा निघाला. दुसरा मात्र असा, की माझ्या हातातला पेला सांडला. डोंगरानं तो परत पाठवला, आणि मागोमाग कुणीतरी खोकलं.

त्या डोंगराचा पडसाद मी जन्मभर ऐकतेय. तो खोकत नाही.

गुडवोरनं दार लावलं आणि पिंपाजवळ बसून घेतलं. सकाळी फेस काठावर आला होता. वरचं खमीर काढून तिनं कड्यावर वाळवलं, आणि नाताळ झाल्यावर ते कडं माझ्या दारात आणून दिलं.

"आता तूच ठेव. टाकशील तेव्हा तू ओरड. मी पुन्हा नाही हाकलणार त्याला."

पुढच्या डिसेंबरात मी ते टाकलं. ओरडले. खोकला येतो का हे ऐकायला थांबले नाही; दार लावून घेतलं.