सुटणाऱ्या मुठी

आर्लिस हेगस्टाडला पतंगाने किती अंतर फरफटत नेलं, याबद्दल वॉररोड गावात एकमत नाही. गॉर्डी स्लेटनच्या मासेमारीच्या दुकानात अर्धा मैल सांगतात. लूथरन चर्चच्या तळघरात, कॉफी ओतता ओतता, त्याचा पाव मैल होतो. खुद्द आर्लिस नोंदी ठेवते त्या कार्डावर ‘दोनशे दहा पावलं’ एवढंच लिहिलेलं आहे. कार्डावर विश्वास ठेवायला सबळ कारण आहे. त्या दिवशी खांदा निखळलेला असतानाही ती आपल्याच खुणेवरून मागे चालत गेली होती आणि एकेक पाऊल मोजत होती.

तिचं मोजणं तेवढ्यावर थांबलं नाही. ओढीचा पतंग माणसाला स्कीवर उभं करून गोठलेल्या तळ्यावरून खेचत नेतो. दोन हातांत दोन मुठी असतात. मुठीच्या वरच्या टोकाला ओढीची दोरी, खालच्या टोकाला ब्रेकची. ब्रेकची दोरी मनगटाच्या पट्ट्यालाही बांधलेली असते, म्हणजे हातांनी मुठी सोडल्या की सगळा ताण ब्रेकवर येऊन पतंग कोसळतो. आर्लिसने वेळेवर बोटं उघडली होती. पण मुठीवरचा मऊ फोम बर्फाने भिजलेला, त्याला मिटनचं, म्हणजे जाड हातमोज्याचं, हरणाचं कातडं गोठून घट्ट चिकटलेलं, आणि मिटनवरून पट्टा आवळलेला. तिने मूठ सोडली, मुठीने तिला सोडलं नाही.

दुकानात मूठ निवडताना माणूस ती हातात किती छान बसते ते पाहतो. हातातून कशी निघते हे पाहण्याचं त्या अपघातापूर्वी आर्लिसलाही सुचलं नव्हतं, हे तिने पहिल्याच कार्डावर कबूल केलं आहे. त्यानंतरच्या अकरा हिवाळ्यांत तिने एकशे त्रेचाळीस जोड्या तपासल्या. धंद्याने ती आइस रिंकवर स्केट्सना धार लावणारी. तिथल्याच मागच्या खोलीत तिने कप्पीवरून दोर टाकून वाळूची बादली लटकवली. मिटन आणि मुठी पाण्याने शिंपडून दहा मिनिटं दाराबाहेरच्या थंडीत ठेवायच्या, मग माणसाने त्या दोराला जोडलेल्या मुठी धरून बादलीचा भार पेलत उभं राहायचं आणि आर्लिसने न सांगता, मधेच कधीतरी ‘सोड’ म्हणायचं. दहापैकी दहा वेळा हात सुटला तर मुठीला लाल टेप. लाल टेप नसलेल्या मुठी गॉर्डीच्या फेब्रुवारीतल्या पतंगांच्या मेळाव्यात बर्फावर उतरत नाहीत. हा नियम कोणी केला याचा लेखी पुरावा सापडत नाही. तो मोडल्याचाही नाही.

यंदा तिच्यासमोर मर्ल क्वामी येऊन उभा राहिला. तळ्यावरचे बर्फाचे रस्ते हिम बाजूला सारणाऱ्या नांगराच्या ट्रकने मोकळे ठेवणारा हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस चार हिवाळ्यांपूर्वी बर्फ फुटून ट्रकसकट पाण्यात गेला होता. बोटं वाचली, त्यांतली जाणीव गेली. त्याआधी वीस वर्षं तो पतंग उडवत असे. त्यानंतर मेळाव्यात तो इतरांचं सामान वाहायचा आणि काठावर उभा राहून वारा कसा आहे ते कोणी न विचारता सांगायचा. या खेपेला उडवता आलं नाही तर पतंग विकून टाकणार, असं त्याने आर्लिसला सांगितलं. ते तो सहज बोलल्यासारखं बोलला, म्हणून तिने ते खरं मानलं.

त्याने आणलेल्या मुठी महागाच्या होत्या, जाड फोमच्या, लोण्यासारख्या.

“हातात धरली की उशीच वाटते,” तो म्हणाला.

“तुला ती धरायची आहे मर्ल, तिच्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही.”

फोम तिसऱ्याच खेपेला गोठून चिकटला. आर्लिसने आपल्या पेटीतली एक सडपातळ, गुळगुळीत रबराची जोडी काढली. तिच्यावर मर्लचे दहापैकी दहा झाले. कोपऱ्यात बसलेल्या गॉर्डीने टेपचं रीळ पुढे केलं. आर्लिसने ते घेतलं आणि बाजूला ठेवलं. तिच्या लक्षात आलं होतं की दहाही वेळा मर्ल आपल्या बोटांकडे पाहत होता. जे बोटांना कळत नव्हतं, ते डोळे त्यांना सांगत होते.

“आता छताकडे बघ,” ती म्हणाली.

छताकडे पाहत मर्लने दहापैकी चार वेळा मुठी सोडल्या नाहीत. चारही वेळा त्याला सोडल्यासारखंच वाटलं होतं. खाली पाहिल्यावर त्याला आपली बोटं पिळून आवळलेली दिसली.

“झालं समाधान?” गॉर्डी चिडला. “तुझ्या परीक्षेला देव बसला तरी नापास होईल, आर्लिस. वीस वर्षं उडवलंय त्याने.”

“बोटांनी उडवलंय. आता ती बोटं नाहीत.”

मर्लने मिटन काढून खिशात कोंबले आणि तो निघून गेला. गॉर्डीही त्याच्या मागोमाग गेला.

पुढचे नऊ दिवस आर्लिस काय करत होती हे कार्डांवरून कळतं. तिने चौदा मुठींचे घेर नोंदवले आहेत. बारीक मुठीवर बोटं पूर्ण वळतात, तळहातात रुततात, आणि न जाणवणारी बोटं तिथेच अडकून बसतात. मूठ जाड असली की बोटं अर्धीच वळतात, आणि अर्ध्या उघड्या हातातून ती पतंगाच्या ओढीनेच निघून जाते. म्हणजे मर्लला हवी होती ती जाड, कडक, सुखाची अजिबात नसलेली मूठ. जुन्या हॉकी स्टिकांचं ॲश झाडाचं टणक लाकूड एकावर एक चिकटवून तिने ती घडवली, मेणाने घासली, आणि मर्लच्या अंगठ्याच्या बुडाशी जिथे अजून थोडी जाणीव होती, तिथे येईल असा एक उंचवटा ठेवला. टोचणं थांबलं की मूठ गेली, एवढं त्याला कळावं म्हणून.

ती स्वतः मुठी घेऊन त्याच्या घरी गेली. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या.

“टोचते की गं.”

“टोचायलाच ठेवलीय.”

रिंकवर छताकडे पाहत त्याने दहापैकी दहा वेळा सोडल्या. आर्लिसने आणखी दहा वेळा सोडायला लावल्या. मग तीन चौरस मीटरपेक्षा मोठा पतंग लावायचा नाही, या अटीवर लाल टेप लावली.

मेळाव्याच्या दिवशी उणे बावीस अंश तापमान होतं. मर्लने दोनदा तळ्याच्या आत शिरलेल्या फाट्याची लांबी पार केली. त्याचं वळण पूर्वीसारखंच रुंद आणि आळशी होतं, आणि काठावरचे लोक कॉफी विसरून पाहत होते. आर्लिस त्याच्या मुठींकडेच पाहत होती. तिसऱ्या फेरीत वायव्येकडून वाऱ्याचा झोत आला. पतंग एकदम भरला, मर्ल पुढे ओढला गेला, आणि पुढच्याच क्षणी दोऱ्या सैल पडून पतंग चिंधीसारखा बर्फावर कोसळला. स्की घसरत थांबल्या. मर्ल मान वर करून रिकाम्या आकाशात पतंग शोधत उभा होता, दोन्ही हात समोर पसरलेले, बोटं उघडी. सुटल्याचं काठावरच्या सगळ्यांना कळलं होतं. उंचवटा असूनही त्याला ते कळायला थोडा वेळ लागला, आणि आर्लिसने कार्डावर तेही लिहिलं आहे.

ती बर्फावरून चालत त्याच्यापर्यंत गेली. तो आपल्या हातांकडे पाहत होता.

“मी सोडली?” त्याने विचारलं.

“तूच सोडलीस.”

“पुन्हा जाऊ?”

आर्लिसने त्याचे मिटन दाबून पाहिले. ते ओले झाले होते. तिने आपल्या हातातले कोरडे काढून त्याला दिले, आणि स्वतःचे हात काखेत घालून, वाऱ्याकडे पाठ करून, तो दोऱ्यांचा गुंता सोडवेपर्यंत तिथेच थांबली.