रिकामा गाभारा

मानवतला सायकली दुरुस्त करणारा तो माझा रविवारचा सोबती. मी शाळामास्तर, पडकी देवळं, जुन्या बारवा बघत हिंडायचा मला नाद, आणि त्याला माझ्याहून जास्त. कोसळलेला खांब दिसला की सायकलच्या रिमवर ठोकावा तसा त्यावर पाना ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. "भरीव हाय. अजून लय टिकंल." मग सरळ मूर्ती नसलेल्या गाभाऱ्यात शिरायचा, देवाच्या रिकाम्या चौथऱ्याला पाठ टेकून भाकरीचं फडकं सोडायचा आणि अर्धी भाकर मला द्यायचा.

नांदत्या देवळात त्याच्या जातीला पायरीच्या वर कुणी येऊ देत नसे. एकदा मी विचारलं, पडक्याच देवळांचा एवढा लळा का?

"मास्तर, जिथं देव न्हाई तिथं आडवणारा बी न्हाई."

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. वालूरच्या वाटेवरच्या आमच्या नेहमीच्या पडक्या देवळात गावानं नवी मूर्ती बसवली. आम्ही पोचलो तर दारात माणसांची गर्दी. एक पागोटेवाला त्याला म्हणाला, "तू भाईर थांब. आता देव हाय आत."

तो थांबला नाही. गर्दीतून वाट काढत आत गेला, चौथऱ्याला पाठ टेकून बसला आणि फडकं सोडलं.

"ह्यो आज आलाय," मूर्तीकडं मान वळवून तो म्हणाला. "मी कवाचा बसायलोय इथं. मास्तर, या, तुमची अर्धी घ्या."