डॉक्टरीणबाईंनी मलाच बाहेर बसवलं

बायांनो, आज माझं डोकंच चालेना. आठवीतली पोरगी पंधरा दिवस धड जेवत नाही, पोट दुखतं म्हणते. सकाळी तिला आचोळ्यातल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का? माझ्या पोटची पोर आहे!"

"म्हणूनच."

अर्ध्या तासाने पोरगी बाहेर आली ती रडून डोळे लाल करून. बाई म्हणतात, "पोटात काही नाही. मनातलं ती स्वतःच सांगेल. खोदून विचारू नका."

न विचारता मला कळणार कसं?

पण येताना पोरीने आपणहून केळं मागितलं. दोन खाल्ली.

आता ती समोर बसलीय आणि मी तोंड दाबून बसलेय. तुमच्यातली कुणी अशी गप्प बसली होती का? पोर किती दिवसांनी बोलली?